लोकसहभाग, शालेय (मराठवाडा)

महानगरपालिका व जिल्हा परिषदांच्या शाळांतील वर्गोपक्रमांसाठी, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पालक, माजी विद्यार्थी, व्यापारी आणि कंपन्या यांनी दिलेली रोख, वस्तुरूप किंवा श्रमरूप मदत. लोकवाटा, लोकवर्गणी, शैक्षणिक उठाव ही नावेही रूढ आहेत.

प्रथेचे मूळ बहुधा निजामी राजवटीत शोधले जाते. सरकारी शाळांचे माध्यम मुख्यतः उर्दू असल्याने मराठी शिक्षणासाठी लोकांनी पदरमोड करून शाळा उभारल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५) आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) ही त्यांतील ठळक नावे. हिप्परग्यात स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. मात्र या शाळा खाजगी होत्या. सरकारी शाळेला लोकांनी हातभार लावणे ही निराळी गोष्ट, आणि १९४८ नंतरही अशा शाळांची जबाबदारी सरकारचीच मानली गेली. त्यामुळे देण्याची वृत्ती जुनी असली, तरी तिचे आजचे रूप अलीकडचे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला व कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. मदत स्वीकारण्याचा ठराव येथेच होतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे पात्र कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमुळे तेथील शाळांना हा मार्ग जवळचा आहे. हिंगोली, परभणीला तितका नाही. केंद्राचे ‘विद्यांजली’ संकेतस्थळ सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात सुरू झाले; त्यावर शाळा आपली गरज नोंदवू शकते.

मिळालेली टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते, रोख रकमेची पावती फाडली जाते. प्रोजेक्टर, टॅब, रंगवलेल्या भिंती यांना दाते तुलनेने सहज मिळतात. प्रयोगाची रसायने, परीक्षानळ्या, प्रोजेक्टरचा दिवा, वीजबिल यांना मिळत नाहीत. उपक्रम बंद पडतो तो येथे. आठवीपर्यंतच्या शाळेची आणखी एक अडचण आहे: माजी विद्यार्थ्यांचे मेळावे बहुतेक दहावीच्या तुकडीचे असतात, म्हणून त्यांची देणगीही जिथे दहावी झाली त्या प्रशालेकडे (माध्यमिक शाळेकडे) जाते.