देवळाच्या पायात पुरले म्हणून वाचलेले सुमेरी देव

प्राचीन इराकमधल्या सुमेरी लोकांच्या तांब्याच्या देवांबद्दल मला सगळ्यात भारी काय वाटतं, तर त्यातले बरेच देव कोणी बघावेत म्हणून केलेलेच नव्हते. इ.स.पू. २१००च्या आसपास दक्षिण इराकमधल्या लगाशचा राजा गुडेआ याने निंगिर्सू देवाचं मोठं देऊळ बांधलं आणि त्याच्या पायात विटांच्या छोट्या पेट्या करून त्यात साधारण वीतभर उंचीच्या मूर्ती ठेवल्या. गुडघ्यावर बसलेला देव, दोन्ही हातांत धरलेला जाडजूड खुंटा, जणू देऊळ जमिनीत पक्कं ठोकतोय. डोक्यावर शिंगांचा मुकुट असतो ना, त्यावरून कळतं की हा देव आहे, माणूस नाही.

ह्या मूर्ती ओतीव आहेत. आधी मेणाची मूर्ती, वरून मातीचा लेप, मग भाजायचं की मेण वितळून बाहेर येतं आणि राहिलेल्या पोकळीत तांबं ओतायचं. ऐकायला सोपं, पण शुद्ध तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात आणि ओतताना त्यात गॅसचे बुडबुडे अडकतात, म्हणून आर्सेनिक किंवा कथील मिसळलेलं तांबं ओताऱ्याला जास्त सोयीचं. आणि इराकच्या त्या गाळाच्या सपाट जमिनीत तांब्याचं खनिज अजिबात नाही! बरंचसं तांबं मगान म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने समुद्रातून यायचं, इतका महाग माल हे लोक देवासाठी मातीत पुरत होते.

मोठ्या कामाला वेगळी पद्धत होती. उर या सुमेरी शहराजवळच्या अल-उबैदला निनहुर्साग देवीच्या देवळातला इमदुगुद, म्हणजे सिंहाच्या डोक्याचा गरुड आणि दोन बाजूंना दोन सांबरं, हा देखावा दोन मीटरपेक्षा जास्त रुंद आहे, तो तांब्याचे पत्रे ठोकून बनवलाय आणि आत डांबराचा गाभा. तो साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, १९१९मध्ये सापडला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बराच दुरुस्त केलेला.

डोळ्यासमोर राहिलेलं तांबं लोकांनी पुढे वितळवून परत वापरलं. पायातलं आणि ढिगाऱ्याखालचं तेवढं राहिलं. पण तिथली माती खारट, मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरतं, मग हवेतला दमटपणा मिळाला की हिरवी भुकटी पडायला लागते आणि मूर्ती आतून पोखरली जाते, म्हणून अशा वस्तू म्युझियममध्ये कोरड्या हवेतच ठेवाव्या लागतात.