सिकलसेलचं रोजचं दुखणं मोजणीतून कसं निसटलं

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी. उत्तर कोकणातल्या या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, म्हटलं की बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब डोळ्यांसमोर येतो. दोन मिलिलीटर द्रावणात 20 मायक्रोलीटर रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागच्या रेघा दिसतात का ते पाहायचं. द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे. मात्र माणूस वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला) की रुग्ण, हे एचपीएलसीसारख्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीशिवाय ठरत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि रक्त फार कमी असलेल्यांत चाचणी चुकू शकते. किनाऱ्याच्या दमट हवेत द्रावणात लागणारी डायथायोनाइट या रसायनाची पूड उघडी राहिली, तर ती निकामी होऊन गढूळपणा येतच नाही. वाहकाच्या अंगदुखीचं खापर मात्र उगाच सिकलसेलवर फोडलं जातं. ती बहुधा वेगळ्याच कारणाची असते.

या आजाराचा इतिहासही रक्ताभोवतीच फिरला. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचं वर्णन केलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. 1952 मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. दुखण्याचं स्पष्टीकरण सोपं वाटत होतं : वाकड्या पेशी रक्तवाहिनी तुंबवतात, कळा येतात, काही दिवसांनी जातात, मग माणूस ठीक.

ही समजूत मोजणीच्या व्याख्येतच शिरली. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 3,578 रुग्ण होते. निदान दोन तास टिकलेलं आणि रुग्णाला दवाखान्यात घेऊन आलेलं दुखणंच त्यात धरलं. सिकलसेल अॅनिमियाच्या 39 टक्के रुग्णांची अशी एकही नोंद नव्हती. वारंवार कळा येणारे प्रौढ लवकर दगावतात, हे त्यातून कळलं, आणि ते मोलाचं होतं. पण जो दवाखान्यात आलाच नाही, त्याचं दुखणं कागदावर शून्य.

2008 साली व्हर्जिनियातल्या अभ्यासाने 232 प्रौढांना रोजच्या डायऱ्या दिल्या आणि चित्रच पालटलं. 31,017 दिवसांपैकी 54.5 टक्के दिवस दुखण्याचे निघाले. उपचारासाठी गेलेले दिवस अवघे 3.5 टक्के. जवळपास 29 टक्के रुग्णांना तर 95 टक्क्यांहून जास्त दिवस दुखत होतं. पुढे 2017 मध्ये सिकलसेलचं जुनाट दुखणं ओळखण्याचे निकष ठरले : सहा महिने बहुतेक दिवस दुखणं, शिवाय दाबल्यावर किंवा हालचालीने दुखण्यासारखी तपासणीत सापडणारी एखादी खूण. काहींत कारण दिसतं, जसं खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताविना मरणं किंवा पायाची जखम. काहींत दिसतच नाही. तिथे वारंवारच्या माऱ्याने मज्जारज्जू आणि मेंदूच हळवे झाल्याचा संशय आहे. थंडी-उष्णता सोसण्याच्या मोजणीत आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्याला आधार मिळतो.

औषधांच्या चाचण्यांवरही जुन्या मोजणीची छाप आहे. 1995 च्या चाचणीत औषधाविनाची गोळी घेणाऱ्यांत वर्षाच्या कळांचं मध्यक साडेचार होतं, हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्यांत अडीच. यश मोठंच, पण रोजच्या ठणक्याचं काय, हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्नच नव्हता. आपल्याकडे आणखी एक अडसर. इथे आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकसमूहात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि ते पेशी वाकण्याला आळा घालतं, म्हणून ‘इथला आजार सौम्य’ हे गृहीत बरीच वर्षं चाललं. विदर्भातल्या रुग्णांच्या अनुभवाने त्याला तडे गेले. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं सात कोटी लोकांचं उद्दिष्टही आधी रक्ततपासणीचंच.

उत्तर कोकणात दुखण्याचा अभ्यास करायचा तर डायरी वर्षभराची हवी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. नोंद गावातच ठेवली, तर ऊन आणि तहानेने होणारं दुखणं गळून पडतं. भाताच्या आवणीत चिखलपाण्यात तासन्‌तास उभं राहण्याचे दिवस वेगळे नोंदवावेत, कारण गारठा हेही कळांचं एक निमित्त. शून्य ते दहा आकड्यांऐवजी चेहऱ्यांची चित्रं, आणि ठणका, चमक, जळजळ, मुंग्या यांना वेगळे रकाने. आठवड्याची पानं एका बैठकीत भरली गेली, तर ती आठवण होते, नोंद नव्हे. म्हणून दोन-तीन दिवसांनी कुणीतरी पाहायला हवं. लंगडणाऱ्याचा खुबा आत वळवून पाहावा. दुखलं आणि साधा एक्स-रे स्वच्छ आला, तरी एमआरआय टाळू नये, कारण हाड मरायला लागल्याचं एक्स-रेमध्ये उशिरा दिसतं.