वैवाहिक शरीरसंबंधांतील संमती आणि धर्मश्रद्धा

लग्नानंतर प्रत्येक शरीरसंबंधाला जोडीदाराची राजीखुशी लागते, की लग्नाच्या वेळी दिलेला होकार जन्मभर पुरतो, या प्रश्नाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बऱ्याच अंशी धर्माच्या शिकवणुकीतून घडली आहे. विवाहाला संस्कार म्हणा वा करार, त्यातून पतिपत्नींना एकमेकांच्या देहावर काही हक्क मिळतो, ही कल्पना अनेक धर्मपरंपरांत आढळते. पत्नीवर जबरदस्ती करू नये, असेही त्यांतल्या काही परंपरा बजावतात. पण जबरदस्तीला मनाई असणे आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या धर्मशास्त्रांत पहिली सापडते तिथेही दुसरी असतेच असे नाही. नकाराची किंमत पत्नीने पाप, शाप किंवा पोटगीचे नुकसान अशा रूपांत मोजायची असते.

ज्यू परंपरेत हा भेद अगदी जवळून पाहता येतो. तिथे शरीरसुख हा पत्नीचा हक्क आणि पतीचे कर्तव्य आहे. इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात तर पतीच्या धंद्यानुसार वेळापत्रकच दिले आहे : मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवे हाकणाऱ्याने आठवड्यातून एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. पत्नीवर बळजबरी करण्यास तालमूदमध्ये, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरील चर्चेच्या संग्रहात, मनाई आहे. बाराव्या शतकातील धर्मशास्त्री मैमोनिडीझ आणखी पुढे जातो. नवऱ्याचा तिटकारा आल्याचे पत्नी सांगत असेल तर त्याला घटस्फोट द्यायला लावावे, कारण नकोशा माणसाशी संग करायला ती काही धरून आणलेली बंदिवान नव्हे, असे तो म्हणतो. मात्र त्याच मिश्नात नकार देणाऱ्या पत्नीच्या विवाहकरारातील (घटस्फोट वा वैधव्य आल्यास तिला मिळायच्या) रकमेतून दर आठवड्याला 7 दिनार कापायला सांगितले आहे. नकार पतीचा असेल तर त्या रकमेत आठवड्याला 3 दिनारांची भर. कर्तव्य दोघांचे, पण पत्नीला दंड दुपटीहून अधिक.

ख्रिस्ती परंपरेचा पाया बायबलमध्ये, पौल या प्रेषिताने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आणि पतीच्या देहावर पत्नीचा, दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरते, असे तो लिहितो. त्या काळी ही परस्परता धाडसाचीच होती. मध्ययुगीन चर्चच्या कायद्याने तिला ऋणाचे रूप दिले. जोडीदाराने मागितले की फेडायचे. सबळ कारणाशिवाय टाळणे पाप. मागण्याचा हक्क दोघांनाही होता, पण घरातली सत्ता, पैसा आणि अंगबळ एकाच्याच हाती असताना हे ऋण कोणाकडून वसूल होत असेल, हे सांगायला नको. इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1736मध्ये छापला गेला. विवाहाच्या संमतीने पत्नीने स्वतःला पतीच्या स्वाधीन केलेले असते आणि ती संमती तिला मागे घेता येत नाही, असे त्यात म्हटले होते. इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, हे मत निकालात काढले ते 1991मध्ये. कॅथलिक चर्चने त्याआधीच, 1968च्या ‘ह्युमाने व्हिते’ या पोपच्या परिपत्रकात, जोडीदाराची स्थिती व इच्छा न पाहता लादलेला संबंध हे खरे प्रेम नव्हे, असे स्पष्ट केले होते.

पत्नीने नांदायला यावे म्हणून करायचा दावाही मूळचा इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांचा. तो वसाहतीच्या कायद्यातून भारतात आला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला, त्यावरच्या खटल्यात मुंबईतील न्या. पिन्हे यांनी 1885मध्ये या दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नसल्याचे नोंदवले, तेव्हा धर्मावर घाला आल्याची ओरड सनातन्यांनीच केली. 1887मध्ये निकाल फिरला आणि नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा पर्याय रखमाबाईंपुढे ठेवला गेला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888मध्ये तडजोड झाली. एका धर्माच्या न्यायालयात जन्मलेले हत्यार दुसऱ्या धर्माच्या रक्षणासाठी वापरले गेले, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

हिंदू ग्रंथांत एकच एक सूर नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, पत्नी राजी नसेल तर तिला काही देऊन वळवावे आणि तरीही न मानल्यास काठीने वा हाताने मारून नमवावे, असा उतारा आहे. उलट कामसूत्राचा कर्ता वात्स्यायन नववधूचा विश्वास मिळवण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहितो. पहिल्या तीन रात्री संग वर्ज्य. स्त्रिया फुलासारख्या असतात, विश्वास मिळवण्याआधी जबरदस्ती केली तर त्यांना संगाचाच द्वेष वाटू लागतो, असे त्याचे म्हणणे. व्यवहारात मात्र पतीला देव मानावे ही मनुस्मृतीतील शिकवणच घरोघरी पोहोचली.

इस्लाममध्ये कुराण पतिपत्नींना एकमेकांचे वस्त्र म्हणते आणि पत्नीशी भलेपणाने वागण्यास सांगते. पतीने बोलावूनही न येणाऱ्या पत्नीला देवदूत पहाटेपर्यंत शाप देतात, ही हदीसही, म्हणजे प्रेषित मुहंमदांचे म्हणून सांगितले जाणारे वचनही, तितकीच प्रसिद्ध आहे. अभिजात फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी घडवलेल्या कायदेशास्त्रात, सामान्यतः पत्नीची पोटगी तिच्या उपलब्धतेशी जोडलेली होती.

बायका स्वतःवर झालेल्या बळजबरीला बळजबरी का म्हणत नाहीत, याचे एक उत्तर या शिकवणुकीत आहे. ‘नवऱ्याला नाही म्हणायचं नसतं’ हे लहानपणापासून कानी पडलेले असते. पापाच्या भीतीने दिलेल्या होकारात मारहाण नसते, आरडाओरडा नसतो. बाहेरून तो संमतीसारखाच दिसतो.

कायद्याच्या वादात धर्माचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला गेला आहे. भारत सरकारने 2015मध्ये संसदेत, वैवाहिक बलात्काराची संकल्पना इथे लागू न होण्याच्या कारणांत धार्मिक श्रद्धा आणि विवाहाला संस्कार मानण्याची मानसिकता यांचा उल्लेख केला. शेजारच्या नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2002मध्येच नेमकी उलट भूमिका घेतली होती : पत्नीवर बलात्कार करण्याची मुभा हिंदू धर्म देत नाही. इंडोनेशियात 2004च्या कायद्याने घरातील लैंगिक हिंसा गुन्हा ठरली. 2017मध्ये चिरेबोन येथे भरलेल्या महिला उलेमांच्या (इस्लामी धर्मपंडितांच्या) परिषदेने, लैंगिक हिंसा विवाहाबाहेर असो वा विवाहात, ती हराम आहे, असा धार्मिक अभिप्राय दिला. तो देणाऱ्या स्त्रिया मदरशांत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या होत्या, आणि त्यांनी आपला युक्तिवाद कुराण व हदीस यांच्याच आधारे मांडला.