रिकामा ध्वजस्तंभ आणि शोकाची सक्ती

शोकाच्या अतिरेकाला आवर घालण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमारास रोममध्ये झालेल्या बारा पाट्यांच्या कायद्याने अंत्ययात्रेतील बासरीवादकांची संख्या दहावर आणली होती आणि स्त्रियांना गाल ओरबाडून घेण्यास मनाई केली होती. या कायद्याचा रोख शोक करणाऱ्यांवर होता; शोक न करणाऱ्याला जाब विचारण्याची प्रथा बरीच अलीकडची आहे. ऑगस्ट १९२६मध्ये मूकपटांतील एका नायकाच्या अंत्यदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लाखभर लोक लोटले आणि चेंगराचेंगरीत काचा फुटल्या, तरीही ती निव्वळ गर्दी होती. घरी बसलेल्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो मांडला गेला १९९७मध्ये. ३१ ऑगस्टला पॅरिसमधील मोटार अपघातात ब्रिटिश राजघराण्याच्या माजी सुनेचा मृत्यू झाला आणि लंडनच्या राजवाड्यावरचा ध्वज अर्ध्यावर का उतरवला नाही, यावरून आठवडाभर काहूर उठले. वस्तुतः तेथे अर्ध्यावर आणण्यासारखा ध्वजच नव्हता. त्या स्तंभावर फक्त शाही ध्वज चढत असे, तोही राणी वाड्यात मुक्कामाला असतानाच. आणि गादी कधीच रिकामी राहत नाही या तत्त्वानुसार तो खुद्द राजाच्या मृत्यूनंतरही अर्ध्यावर येत नाही. राणी त्या वेळी आईविना झालेल्या दोन नातवांसह स्कॉटलंडमध्ये होती, त्यामुळे स्तंभ रिकामा असणे नियमाला धरूनच होते. वृत्तपत्रांनी मात्र त्या रिकाम्या स्तंभात निर्दयता पाहिली. पोरक्या मुलांपाशी थांबलेल्या आजीला राजधानीत येऊन दुःख दाखवा, असे पहिल्या पानांवरून बजावले गेले, हे आज वाचतानाही खटकते. अखेर ५ सप्टेंबरला राणीने दूरचित्रवाणीवरून थेट भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी, अंत्यविधीच्या वेळी, राजवाड्यावर राष्ट्रध्वज अर्ध्यावर फडकला. राणी वाड्यात नसताना तेथे राष्ट्रध्वज लावण्याचा प्रघात त्यानंतरचा.

त्याच दिवसांत शोकवह्यांची संख्या ४३पर्यंत वाढवावी लागली. मृत राजवधूच्या निवासस्थानासमोर फुलांचा थर काही ठिकाणी पाच फुटांवर गेला. बहुतेक गुच्छ सेलोफेनमध्येच गुंडाळलेले होते आणि तळातली फुले कुजू लागली होती. श्रद्धांजली म्हणून ठेवलेल्या वस्तूंमधील एक टेडी बेअर उचलल्याबद्दल एका परदेशी पर्यटकाला सात दिवसांची कैद सुनावली गेली. ती पुढे दंडावर निभावली, पण न्यायालयाबाहेर कोणीतरी त्याला ठोसा लगावलाच.

२००९मध्ये लॉस एंजेलिसला एका पॉप गायकाच्या स्मरणसभेची मोफत तिकिटे सोडत काढून वाटावी लागली. जागा १७,५०० होत्या आणि नावे नोंदवणारे सुमारे १६ लाख.