जुनापाणीची शिळावर्तुळे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहराच्या पश्चिमेस सुमारे १० किमी. अंतरावर असलेले लोहयुगीन दफनस्थळ. बृहदश्मयुगीन, म्हणजेच मोठमोठे दगड मांडून थडगी उभारण्याच्या महापाषाणयुगीन परंपरेतील ही थडगी सर्वसाधारणपणे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील मानली जातात. येथे गटागटाने विखुरलेली सुमारे ३०० वर्तुळे नोंदली गेली आहेत.

पाहणाऱ्याला हे थडगे वाटतच नाही. कडेने गोलाकार मांडलेले काळ्या पाषाणाचे धोंडे आणि मधोमध माती-गोट्यांचा जेमतेम उंचवटा, एवढेच दिसते. दक्षिण भारतात याच परंपरेत उभ्या शिळांच्या पेट्या व वर झाकणशिळा असे बांधकाम अनेक ठिकाणी आढळते. विदर्भात बहुतांशी धोंड्यांच्या वर्तुळावर भागवलेले आहे. जे काही वैभव आहे ते पोटात.

ते प्रथम बाहेर काढले जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने. मध्य प्रांताच्या कापूस खात्याचा हा आयुक्त. पुरातत्त्व हा त्याचा छंद. त्याने काही वर्तुळे खणून १८७९ मध्ये त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. लोखंडी खंजीर, लांब पात्याच्या छिन्न्या, कुदळी, कडी, बांगड्या आणि घोड्याच्या तोंडातील लगामाच्या कड्या त्याला मिळाल्या. चपट्या कुऱ्हाडी विशेष लक्षणीय : पाते दांड्याला आवळण्यासाठी त्यांवर लोखंडी पट्ट्यांची फुलीसारखी बांधणी आहे. सोबत काळी-तांबडी मृद्भांडीही सापडली. पुढे १९६१-६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी तीन वर्तुळांचे उत्खनन केले. त्यांपैकी एकात अश्वकुळातील प्राण्याची हाडे मिळाली.

या लोकांना ओळखायचे तर घोड्यावरूनच. जवळच्या माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज सापडला आणि हाडांवर कापल्याच्या खुणाही. मृतासोबत त्याचा घोडा बळी देऊन पुरत असावेत, हा तर्क त्यामुळे पटण्याजोगा ठरतो. लोखंडही बाहेरून आणलेले नसावे. नागपूर जिल्ह्यातीलच नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली आहे.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. युरोपातील अशाच खळग्यांशी कार्नॅकने त्यांचे साम्य दाखवले आणि दोहोंचा वंशसंबंधही सुचवला. आज हे मत कोणी गंभीरपणे मांडत नाही. खळग्यांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध जोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत; पण दगडात वाटीएवढा खळगा करणे ही माणसाची जगभरची सवय आहे, तेव्हा नुसत्या साम्यावर फार भार टाकता येत नाही.

हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. येथील काही लोखंडी वस्तू मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.