भाडेकरारासाठी दिलेली कागदपत्रे जपताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे घराचा भाडेकरार) नोंदवून होतो न होतो तोच सामान हलवणारे, इंटिरियरवाले आणि कर्ज देणारे यांचे फोन सुरू होतात, आणि आपला नंबर नेमका कोणी दिला, असे ग्राहक आम्हाला विचारतात. बहुतेक वेळा तो एकाच ठिकाणाहून जात नाही. घर पाहताना भरलेला फॉर्म, लकी ड्रॉचे कुपन, सोसायटीच्या गेटवरील नोंदवही, फोनमधील संपर्कयादी वाचणारे ॲप अशा ठिकाणांहून सुटे तपशील गोळा होतात आणि माहितीचे दलाल ते मोबाइल नंबरावरून जुळवून विभागवार याद्या विकतात. म्हणूनच चौकशीसाठी वेगळा नंबर ठेवणे आणि बँक व आधारशी जोडलेला नंबर कोठेही न लिहिणे, हा उपाय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबराचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच कळवले आहे. तेव्हा तेथे निःसंकोच नकार द्यावा.

एजंटाला किंवा सोसायटीला आधारची झेरॉक्स द्यावी लागल्यास आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. प्रतीवर, मजकुरावरूनच जाईल अशी तिरकी ओळ पेनाने लिहावी : “केवळ दादर येथील सदनिकेच्या भाडेकरारासाठी”, खाली तारीख आणि सही. कोऱ्या समासात लिहिलेली ओळ कापून टाकता येते, हे कृपया ध्यानात घ्यावे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवणे उत्तम. मात्र नोंदणीच्या वेळी अंगठा घेतला जात असल्याने तेवढ्यापुरते ते उघडावे लागते.

नोंदवलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा, कायद्यानेच सर्वांसाठी खुली असते, त्यामुळे तिच्यातील नाव-पत्ता लपवणे कोणाच्याही हाती नाही. इतरत्र दिलेली माहिती खोडून मागण्याचा अधिकार 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी लेखी मागणी आजही जरूर करावी.

जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी 1909 वर नोंदणी करावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. सायबर फसवणुकीत पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 या हेल्पलाइनवर कळवावे. आमच्याकडील झेरॉक्स प्रती काम पूर्ण झाल्यावर मागून घ्याव्यात, किंवा आपल्यासमोर फाडून टाकण्यास सांगावे.