परदेशी सून किंवा जावई घरी येताना : सांगली-मिरजेच्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेल्या आपल्या मुलामुलींची लग्नं आता तिकडच्या जोडीदाराशी होतात, आणि त्यातली काही जोडपी इकडे राहायला येतात. अशा घरांची कागदपत्रं करून देणं हे आमचं काम. आई-वडील आमच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात येतात तेव्हा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो, दुसरा मंगल कार्यालयाच्या तारखेचा. तिसराही प्रश्न त्याच दिवशी निघावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पाहुणेरावळे परत गेल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती मुलगी या घरात काय करत असेल? कागदपत्रांना वेळ लागतो, पण ती मार्गी लागतात. या मंगळवारची तयारी मात्र घरानेच करायची असते. म्हणून या पत्रकात आम्ही दोन्हीबद्दल लिहिलं आहे. सोयीसाठी ‘सून’ म्हटलं आहे. जावई येणार असेल तरी नियम तेच आहेत.

नाव पासपोर्टप्रमाणेच

लग्नात तांदळात नवीन नाव लिहायची आपली पद्धत आहे. हौसेने लिहा, घरात त्या नावाने हाकही मारा, पण आधी तिला विचारा. सरकारी कागदावर मात्र तिच्या पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न् अक्षर, आलं पाहिजे. आपल्याकडचे फॉर्म नाव, पतीचं नाव आणि आडनाव असे तीन रकाने मागतात, आणि भरणारा माणूस सवयीने मधल्या रकान्यात नवऱ्याचं नाव टाकून मोकळा होतो. मग विवाह प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, व्हिसावर तिसरंच. आमच्याकडे येणाऱ्या किचकट प्रकरणांचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिथेच उभं राहून स्पेलिंग तपासा.

लग्न कोणत्या कायद्याने

कार्यालयात अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही लग्न झालं असं धरून चालू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो; त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. जोडीदार ख्रिश्चन, मुस्लिम किंवा कोणताच धर्म न मानणारी असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्यालाच आपण रजिस्टर लग्न म्हणतो.

इथे गाडी अडते ती तीस दिवसांवर. विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात सलग किमान तीस दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी तीस दिवस जातात. त्यानंतर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. मुलगा दोन आठवड्यांची रजा काढून येणार आणि परत जाताना विवाह प्रमाणपत्र घेऊन जाणार, हे या हिशोबात बसत नाही. रजा मोठी मिळत नसेल तर तिकडेच कायदेशीर लग्न करावं आणि इकडे सांगलीत विधी आणि जेवणावळी कराव्यात, असा सल्ला आम्ही देतो. मोठ्यांना सुरुवातीला तो रुचत नाही, पण मुलांची धावपळ आणि काळजी बरीच वाचते.

परदेशात झालेल्या लग्नाच्या प्रमाणपत्रावर त्या देशातच अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, करून आणा. भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे. तो देश नसेल, तर तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. प्रमाणपत्र जर्मन, जपानी अशा भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतरही हवं. लग्न इथे करायचं असेल, तर ती अविवाहित असल्याचा, किंवा आधीचा घटस्फोट पूर्ण झाल्याचा, तिच्या देशाचा कागद लागतो. तो तिने निघण्याआधीच मिळवायचा. इथे बसून मागवायला फार त्रास होतो.

व्हिसा आणि नोंदणी

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी एंट्री व्हिसा असतो. लोक त्याला एक्स व्हिसा म्हणतात. ‘आधी टुरिस्टवर येऊ दे, मग बघू’ हा सल्ला नातेवाईक फार सहज देतात. राहायलाच यायचं असेल तर राहण्याचाच व्हिसा घ्या. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याने पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. पोलिसांचं नाव ऐकून घरातले घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही, नेहमीची नोंद आहे. शिवाय परदेशी व्यक्ती मुक्कामाला आली की २४ तासांत कळवायचं असतं, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. हॉटेल, लॉजवाले तो भरतातच, पण आपल्या घरी उतरवून घेतलं तरी ती जबाबदारी आपल्यावर येते. पुढे पत्ता बदलला, पासपोर्ट नवा काढला, तर तेही कळवायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आहे. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी कुणाचं काम कसं झालं होतं, यावर विसंबू नका.

व्हिसाची मुदत संपू देऊ नका. यात दंडापेक्षा मोठी गोष्ट गुंतलेली आहे. भारतात जन्मलेल्या बाळाला जन्माने नागरिकत्व मिळायचं, तर आई-वडिलांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा त्या वेळी बेकायदा राहत नसावा, असा २००४ पासूनचा नियम आहे. घरात पाळणा हलण्याच्या गडबडीत आईच्या व्हिसाची तारीख निघून जाऊ नये, म्हणून आम्ही ती आमच्या वहीतही लिहून ठेवतो आणि आधी फोन करतो.

या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. ओळखीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बोलावलं तरी आधी विचारा.

पुढचं थोडक्यात. लग्नाची नोंदणी झालेली असेल आणि ते सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ते मिळत नाही. कार्ड मिळाल्यावर व्हिसा आणि पोलीस नोंदणीची कटकट संपते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा तासगाव-पलूसकडची द्राक्षबाग सुनेच्या नावावर खरेदी करायचा विचार असेल तर तो बाजूला ठेवा. नागरिकत्वाच्या अर्जासाठी भारतात सात वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे तिला स्वतःचं सोडावं लागेल. तो निर्णय फक्त तिचा. कुटुंबाने घाई करू नये.

पासपोर्ट तिच्याकडे, पैसेही तिच्याकडे

काळजीपोटी सासरे सुनेचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. हेतू चांगला असतो, पण परक्या देशात आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या कुलपात आहे, याचं दडपण काय असतं ते आपल्याला इथे बसून कळायचं नाही. तो तिच्याच कपाटात, तिच्याच किल्लीखाली राहू द्या. घर गावभागात किंवा नदीकडच्या बाजूला असेल तर मात्र तळमजल्यावर नको. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आपण २०१९ च्या महापुरापासून विसरलेलो नाही. ते तिलाही पहिल्याच पावसाळ्यात नीट समजावून सांगा, म्हणजे भोंगा वाजल्यावर ती गोंधळणार नाही.

पैशाचं असं आहे की आपल्याकडे आता भाजीवालाही फोनवर पैसे घेतो, आणि प्रत्येक गोष्टीला ओटीपी लागतो. परदेशी नागरिकाला आधार मिळायला मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. म्हणजे पहिले सहा महिने तिच्याकडे आधार नसणार आणि बँकेचं खातं उघडायलाही वेळ लागणार. स्वतः कमावून स्वतःचा खर्च करणारी बाई दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी नवऱ्याकडे किंवा सासूकडे मागायला लागते. पासपोर्ट आणि व्हिसावर तिच्या नावाचं सिमकार्ड पहिल्याच आठवड्यात घ्या. तिला हिशोब न मागता वापरता येईल अशी रोख रक्कम तिच्या पाकिटात असू द्या, आणि तिकडचं कार्ड बंद करू देऊ नका.

येण्याचा दिवस

विमान बहुतेक मुंबईला उतरतं, तेही रात्री-अपरात्री. तिथून सांगली रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. बारा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर लगेच गाडीत घालून घाटातून आणू नका. एक रात्र मुंबईत किंवा पुण्यात मुक्काम करा, किंवा विश्रांती झाल्यावर महालक्ष्मी एक्सप्रेसने आणा. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशातून ती येत असेल तर लसीचं प्रमाणपत्र सोबत हवंच, नाहीतर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवतात. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणायला सांगा. जपान किंवा अमेरिकेतला हेअर ड्रायर आपल्या २३० व्होल्टवर जळतो, तो तिकडेच राहू दे.

महिना निवडता येत असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. एप्रिल-मेमध्ये थंड देशातल्या माणसाला सांगलीत आणणं म्हणजे अंगावर आजारपण ओढवून घेणं. ती येण्याआधीच आरोग्य विम्यात तिचं नाव घालता येतं का ते विचारून ठेवा. दवाखान्यांच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासूनची परंपरा आहे. तिच्याशी इंग्रजीत मोकळेपणाने बोलतील अशा एका डॉक्टरबाई आधीच शोधून ठेवा.

घर

खोलीच्या दाराला आतून कडी हवी, आणि दार वाजवून आत जायची सवय सगळ्यांनी, लहानग्यांसकट, ती यायच्या महिनाभर आधीच लावून घ्यावी. कमोड, पाण्याचा फिल्टर, चांगलं इंटरनेट आणि वीज गेली तरी चालेल असा इन्व्हर्टर, हा खर्च दागिन्यांच्या आधी करा. रात्री आईशी व्हिडिओ कॉल लागणं ही तिची रोजची गरज असणार आहे, आणि तिकडची सायंकाळ ही आपली मध्यरात्र असू शकते. तेव्हा सकाळी उशिरा उठली तर टोमणा नको.

जेवणात कांदा-लसूण चटणी घालण्याआधी तिची वाटी बाजूला काढा. ‘सवय होईल’ म्हणून पहिल्या आठवड्यात पोट बिघडवण्यात काही अर्थ नाही. स्वयंपाकघरातली एक फळी आणि एक छोटा ओव्हन तिचा असावा. श्रावण, एकादशी, कुठल्या वारी मटण नाही, हे कॅलेंडरवर खुणा करून सांगा. नियम माहीत असला की माणूस तो आनंदाने पाळतो. राज्यात गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, हेही स्पष्ट सांगून ठेवलेलं बरं.

पहिल्या दिवशी सगळी गल्ली सून बघायला येणार. त्यांना प्रेमाने थोपवा आणि आठवड्याने एकदाच सगळ्यांना चहाला बोलवा. दरम्यान नातेवाइकांचे फोटो आणि त्याखाली नाव, नातं, हाक काय मारायची, असा एक तक्ता तिला करून द्या. तिचे फोटो स्टेटसला टाकण्याआधी तिची परवानगी घ्या.

मुलाला आमचं कळकळीचं सांगणं आहे. नोकरी पुण्यात आणि बायको सांगलीत आई-बाबांकडे, तू शनिवार-रविवार येणार, असा बेत करू नकोस. पहिले काही दिवस कौतुकात जातात. एकटेपण येतं ते त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि त्या वेळी तिच्या भाषेत बोलणारा एकच माणूस घरात नसतो. पुण्यात राहायचं असेल तर पहिल्या दिवसापासून दोघांनी पुण्यातच राहावं, आणि सणावाराला सांगलीला यावं.

सांगलीत राहणार असाल तर तिला एकटीने बाहेर पडता आलं पाहिजे. तुम्ही दोन-तीनदा सोबत जा, मग तिला सोडा: आमराईत सकाळी फिरायला, गणपती मंदिराकडून मारुती रोडला, बसने मिरजेला. ११२ हा आणीबाणीचा नंबर फोनमध्ये भरून द्या. मिरजेत चर्चही आहे, ख्रिसमसला घेऊन जा. संगीताची आवड असेल तर मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत एक दुपार सहज जाते, आणि तिथे तिला कुणी टक लावून बघत नाही. परदेशी गिऱ्हाईक त्यांना नवीन नाही. मराठी शिकवायला घरातल्या सगळ्यांनी एकदम सुरुवात करू नये. नणंद किंवा शेजारची एखादी कॉलेजची मुलगी, रोज अर्धा तास, एवढं पुरे.

आमच्याकडे पहिल्यांदा येताना

दोघांच्या पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती, तिचा चालू व्हिसा असेल तर तो, विवाह प्रमाणपत्र किंवा अविवाहित असल्याचा दाखला, मुलाचा सांगलीतला पत्त्याचा पुरावा आणि घराचं लाइट बिल आणा. मूळ कागद दाखवा, आम्ही ते ठेवून घेत नाही. अर्ज भरणं, कागद तपासणं, तारखांवर लक्ष ठेवणं आणि गरज पडल्यास कार्यालयात सोबत येणं हे आम्ही करतो. निर्णय सरकारी अधिकाऱ्यांचा असतो, म्हणून ‘हमखास करून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. शक्य असेल तर पहिल्या भेटीच्या वेळी तिला व्हिडिओ कॉलवर घ्या. तिचे प्रश्न आम्हाला तिच्याच तोंडून ऐकायचे असतात.